पाठ केलेलं बयान

भिलाईच्या टाऊनशिपात मराठी नाटकं दणक्यात होत, त्या काळचे प्रेक्षक आजही भेटले की नटांची नावं घेतात. हिरालाल भेंडारकरची एंट्री कशी असायची, सिंधुताई रडल्या की पहिल्या रांगेतल्या बाया कशा पदर शोधायच्या, हे सगळं ते हातवारे करून सांगतात. कवडू शहारेंचं नाव कोणी घेत नाही. घेणार कसं? त्यांचा चेहरा रंगमंचावर कोणी पाहिलाच नाही. कवडूभाऊ प्रॉम्प्टर होते. डाव्या विंगेत, काळ्या पडद्याच्या घडीत, एका स्टुलावर बसून त्यांनी उभं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडची वाक्यं हळू आवाजात पुरवली.

दिवसा ते स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये. लालभडक रूळ समोरून सरकताहेत, मशीनचा असा गजर की शेजारच्याचं ओरडणं कानात शिरत नाही. तिथली माणसं ओठांनी बोलायची. आवाज न काढता शब्द असा स्वच्छ उच्चारायचा की पलीकडच्याला नुसतं पाहून कळावं. कवडूभाऊंचे ओठ तिथे तयार झाले आणि संध्याकाळी तालमीत कामाला आले. गळा त्यांचा मुळातच बसका. लहानपणी लाखांदूरकडे गावच्या दंडारीत बारके पार्ट करायचे, पण आवाज फुटला तो तसाच फाटका राहिला. म्हणून विंगेत बसवलं. बसले ते बसले.

प्रॉम्प्टिंग म्हणजे नुसतं वाचणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी केलेलं नसतं. नट अडकल्यावर वाक्य देणारा प्रॉम्प्टर बिनकामाचा. अडकणार, हे त्याच्या गळ्याच्या घाटीवरून आधीच ओळखायचं आणि फक्त पहिले दोन शब्द द्यायचे. बाकीचं नटाचं. एकदा ऐन कोर्टाच्या सीनमध्ये हिरालाल कोरा पडला. डोळ्यांत नुसतं पाणी, तोंडातून शब्द नाही. लोकांना वाटलं काय अभिनय आहे. कवडूभाऊंनी विंगेतून ओठांनी दोन शब्द टाकले आणि हिरालाल असा सुटला की पडदा पडल्यावरही टाळ्या थांबेनात. नंतर हिरालाल मेकअप पुसता पुसता म्हणाला, "कवडू, माहा जीव तुह्या ओठात हाय बाप्पा."

सिंधुताईंची गोष्ट वेगळी. हिरालालची बायको आणि नाटक मंडळाची नायिका. त्यांना प्रॉम्प्टिंग लागतच नसे, कारण त्या वाक्यं पाठच करत नसत. एका प्रयोगात टेलिफोनची घंटा वाजवणारा माणूस चहाला गेला. घंटा वाजेना. दुसरी कोणी असती तर उभ्या उभ्या मेली असती. सिंधुताईंनी पदर सावरला, म्हणाल्या, "मघाशीच फोन येऊन गेला, सांगायचं राहिलं तुम्हाला," आणि नाटक पुढे नेलं. त्यांच्या तोंडी कुठलंही वाक्य आलं की ते खरं वाटे. त्यांना स्वतःलाही.

मग माणसं रिटायर झाली. पोरं घरातसुद्धा हिंदी बोलू लागली. तालमीच्या हॉलमध्ये लग्नाच्या पंगती बसू लागल्या. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा हिरालाल आणि कवडूभाऊंनी भिलाईतल्याच कोहक्यात शेजारी शेजारी प्लॉट घेऊन घरं बांधली. दोन्ही घरांना मधली भिंत एकच, गच्चीवरचा कठडाही एकच. हिरालाल गेल्यावरही सिंधुताईंच्या घरची पहिली पुरणपोळी त्या कठड्यावरूनच शहाऱ्यांकडे येई आणि कवडूभाऊंच्या बायकोच्या, कांताबाईंच्या, हातची सावजी भाजी तिकडे जाई.

त्या कठड्यापलीकडे एका दिवाळीनंतर दुर्गा दिसली.

सिंधुताईंच्या मुलाला, अंकुरला, नुकतंच बाळ झालं होतं. सून हर्षा बँकेत. पहिल्या बाळाला धरायला माहेरच्या गावची एखादी पोरगी आणायची, ही या लोकांची जुनी चाल. शेतीवाडी सोडून प्लांटमध्ये आले, तेव्हा पाटा-वरवंट्याबरोबर ती चालही सोबत आली. टाऊनशिपच्या कितीतरी क्वार्टरांत अशी एकेक पोरगी असे. कमरेवर लेकरू, फ्रॉकची शिवण उसवलेली. तिला कोणी मोलकरीण म्हणत नसे. ती भाची असे, नाहीतर पुतणी. लेकरू चालायला लागलं की ती गावी परत जाई, आणि नंतर तिचं नाव कोणाला आठवत नसे. कवडूभाऊंनी अशा पोरी जन्मभर पाहिल्या होत्या. हवेतल्या धुळीसारख्या, पाहूनही न पाहिलेल्या.

दुर्गा दिसली, कारण ती पुस्तक वाचत होती. सालेकशाच्या पुढच्या कुठल्या खेड्यातली, वय अकरा. पाचवी पास होऊन आलेली. कपड्यांच्या पिशवीत तिने पाचवीचं मराठीचं पुस्तक आणलं होतं. ओले लंगोट वाळत घालून झाले की कमरेवरच्या बाळाला ती त्यातला धडा मोठ्याने वाचून दाखवी. बाळ तिच्या नाकाला चिमटे काढी. वाचता वाचता ती डावीकडे झुकून हलकेच डुलत राही. पुढे पुढे कवडूभाऊंच्या लक्षात आलं, की बाळ कमरेवर नसलं तरी ती तशीच झुकून उभी राहते, आणि तशीच डुलते.

"काय वाचून राहिली गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"धडा, आबाजी. याले शिकवून राहिली. मंग हा मह्यापेक्षा पुढं जाईन."

"अन् तू?"

"मले जूनमदी शाळेत टाकनार हायत. आजी म्हणे."

जून आला. शाळेच्या गाड्या कोहक्याच्या गल्लीतून हॉर्न वाजवत जाऊ लागल्या. दुर्गा पहाटे अंगण झाडी, बाळाच्या बाटल्या उकळी, भांडी घासी, आणि गाड्या निघून गेल्या की दारात बाळ घेऊन उभी राही. कवडूभाऊ सिंधुताईंकडे चहाला गेले.

"वैनी, शाळा सुरू झाल्या. दुर्गाचं काय?"

"दाखला नाई आला नं भाऊजी तिचा. गुरुजी म्हणे, मायनं येऊन सही केली तं देऊ. तिची माय कधी येते न् कधी देते."

"मी जाऊन आणतो."

"तुमी? अवो, आपले गुडघे पाहा. आमगाव टेसन येईस्तोवर तुमाले उतरवाले दोन मानसं लागन." सिंधुताई हसल्या आणि बशीत दुसरं बिस्कीट ठेवलं.

"पोट्टी दिवसभर लेकरू घेऊन उभी असते, वैनी."

"मंग? मी नाई धरले बहिणीचे लेकरं? तवा कोणी मले विचारलं का, बाई तुले शाळेत जाचं हाय का म्हणून?" हे त्या रागाने बोलल्या नाहीत. फार पूर्वीचं काहीतरी आठवल्यासारखं बोलल्या. मग लगेच सावरल्या. "घरची पोरगी हाय ते. नोकरीण असती तं हर्षाले मामी म्हणू देलं असतं का? माह्या ताटात जेवते, भाऊजी. दर रयवारी मी सोता तिची येनी घालतो."

हे सगळं खरं होतं. रविवारी सिंधुताईंना दारात बसून दुर्गाचे केस विंचरताना कवडूभाऊंनी स्वतः पाहिलं होतं. त्या वेळी दुर्गाचे डोळे मिटलेले असत आणि बाळ तिच्याच मांडीवर असे.

आईचा फोन नंबर दुर्गाला तोंडपाठ होता. कवडूभाऊंनी लावला. आईचं नाव पंचफुला, वीटभट्टीवर कामाला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"राहू द्या नं जी तिले तिथं," पंचफुला म्हणाली. "इथं आली तं माह्यासंग भट्टीवरच येईन. तिथं वर पंखा हाय म्हणते ते."

"पण शाळा, बाई?"

"टाकतो म्हणले न् ते. मोठे लोक हायत. आता मी त्याइले घडीघडी कशी विचारू?"

फोन कट झाला तरी कवडूभाऊ तो कानालाच धरून बसले.

त्याच आठवड्यात कोहक्याच्या चौकात कॉलेजच्या पोरांनी पथनाट्य केलं. बालमजुरीविरोधी दिवस नुकताच झाला होता. नाटक म्हटल्यावर कवडूभाऊंचे पाय आपोआप थांबले. गालाला कोळसा फासलेली एक पोरगी हॉटेलातल्या मजूर मुलाचं काम करत होती. कपबशा पडल्या, मालक ओरडला, डफ वाजला. शेवटी सगळ्यांनी मिळून मोठ्या कागदावरचा मुलांच्या मदतीचा फोन नंबर दाखवला, दहा अठ्ठ्याण्णव, आणि घोषणा दिल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कवडूभाऊंनी शेजारी पाहिलं तर भाजीच्या गाड्यापाशी दुर्गा उभी. कमरेवर बाळ, हातात मेथीची जुडी. तीही जुडी बगलेत धरून टाळ्या वाजवत होती.

"आबाजी, ते पोरगी खरीच हॉटेलात काम करते का?"

"नाई. नाटक हाय ते."

"चांगलं करते," दुर्गा म्हणाली. मग तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आबाजी, मले शाळेत जाचं हाय. तुमी सांगून पाहा नं कोनाले."

त्या संध्याकाळी कवडूभाऊंनी दहा अठ्ठ्याण्णव फिरवला. कांताबाई लसूण सोलत समोर बसल्या होत्या. पलीकडून एका बाईने शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "अंकल, आपका नाम हम नहीं बताएँगे. टीम आएगी. बस, बच्ची का बयान चाहिए. बच्ची अपने मुँह से बोल दे, तो हम उसे वहाँ से निकाल सकते हैं. स्कूल, हॉस्टल, सब हो जाता है."

बयान. कवडूभाऊंनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. कित्येक वर्षांनी कोणीतरी त्यांच्या हातात पार्ट ठेवला होता.

"पाठ करून घ्यावं लागन तिच्याकडून," ते म्हणाले.

"कायचं पाठ?" कांताबाईंनी वर पाहिलं.

"बयान. पाच वाक्यं. पण हिंदीत. मॅडम हिंदीवाली राहीन."

"ते बाई म्हणाली, तिच्या मुँहनं बोलली पाहिजे. तुमच्या नाई."

"तू कधी स्टेजवर उभी राहिली का? भलेभले कोरे पडतात. हिरालालसारखा हिरालाल पडला. अकरा वर्षाची पोट्टी, समोर साहेबलोक, घरचे चारी बाजूंनं पाहून राहिलेले. बोबडी नाई वळनार तिची?"

"वळू द्या. तिची बोबडी हाय," कांताबाई म्हणाल्या आणि लसूण घेऊन आत गेल्या.

तालमी दुपारच्या. हर्षा बँकेत, सिंधुताई झोपलेल्या, बाळ झोळीत. दुर्गा कपडे वाळत घालायला गच्चीवर येई आणि कठड्याच्या अलीकडे कवडूभाऊ आपलं जुनं स्टूल टाकून बसलेले असत. मेरा नाम दुर्गा नेवारे है. मेरी उम्र ग्यारह साल है. मैं इनकी भांजी नहीं हूँ. मैं सुबह से शाम तक घर का काम करती हूँ. मुझे स्कूल जाना है.

"उमर नाई. उम्र. म आणि र जोडून."

"उम्र."

"हां. आता शेवटचं."

"मले शाळेत..."

"पाहा, इथंच चुकते. मॅडमले मराठी समजन का? मुझे स्कूल जाना है. सावकाश. हात खाली सोडायचे. डुलायचं नाई. अन् वाक्य संपलं की मॅडमच्या तोंडाकडे पाहायचं. उत्तर येईपर्यंत डोळे हलवाचे नाई."

दुर्गा हुशार. लवकरच तिला सगळं येऊ लागलं. येऊ लागलं तसा तिला त्यात रस वाटू लागला. कपडे घेऊन ती धावतच जिना चढे, ओल्या साडीच्या आड उभी राही, आणि पडदा सरकवल्यासारखी साडी बाजूला करून म्हणे, "चालू करू का, आबाजी?" कोणीतरी तिला काहीतरी शिकवत होतं, ती चुकली तर दुरुस्त करत होतं, बरोबर आलं तर शाबास म्हणत होतं. शाळा सोडल्यापासून हे तिला मिळालंच नव्हतं. कवडूभाऊंनाही ते दिवस बरे गेले. त्यांच्या फाटक्या गळ्याने इतकं स्वच्छ वाक्य पहिल्यांदाच दुसऱ्याच्या तोंडात ठेवलं होतं. जिन्याच्या तोंडाशी कांताबाई पापडाचं ताट घेऊन उभ्या राहत, ऐकत, आणि तशाच खाली जात.

टीम आली ती सकाळी. जीपमधून एक मॅडम, एक माणूस फाईल घेऊन, आणि एक महिला पोलीस साध्या कपड्यांत. मॅडम चाळिशीच्या, थकलेल्या, पण चेहऱ्याने भल्या वाटणाऱ्या. गल्लीत जीप थांबली तशी दोन-चार माणसं जमलीच. शेजारी म्हणून कवडूभाऊही आत गेले. बैठकीच्या खोलीत आणि आतल्या खोलीत मध्ये एक पडदा होता. ते कोणी न सांगता त्या पडद्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. जागा डावीकडची होती.

सिंधुताईंना आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पदर सावरला. "बैठो बेटी, पानी लो. धूप में आई हो," त्या मॅडमना म्हणाल्या, जसं काही माहेरचंच कोणी आलं होतं.

मॅडमनी दुर्गाला समोर बोलावलं. अंकुर, हर्षा, बाकीची माणसं, सगळ्यांना बाहेर काढावं की काय असा विचार करत त्यांनी खोलीभर पाहिलं. तेवढ्यात दुर्गाने हात खाली सोडले.

"मेरा नाम दुर्गा नेवारे है. मेरी उम्र ग्यारह साल है. मैं इनकी भांजी नहीं हूँ. मैं सुबह से शाम तक घर का काम करती हूँ. मुझे स्कूल जाना है."

कुठे अडखळणं नाही. उम्रमधला म आणि र जोडलेला. प्रत्येक वाक्यानंतर तेवढाच श्वास. डुलली नाही. शेवटी तिने मॅडमच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे हलवले नाहीत. एवढं चोख काम कवडूभाऊंनी हिरालालकडूनही करून घेतलं नव्हतं.

मॅडमनी पेन टेकवलं होतं ते उचललं.

"बेटा," त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "ये सब किसने सिखाया?"

दुर्गा मॅडमच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"अच्छा, छोडो. ये बताओ, सुबह उठके सबसे पहले क्या करती हो?"

हे वाक्य तालमीत नव्हतं. दुर्गाच्या गळ्याशी काहीतरी हललं. तिला उत्तर माहीत होतं. रोज पहाटे ती जे करत होती ते फक्त सांगायचं होतं, कुठल्याही भाषेत. पण तिला वाटलं, याचंही ठरलेलं वाक्य असणार आणि आपण ते विसरलो. तिने मान वळवली आणि पडद्याकडे पाहिलं.

आणि कवडूभाऊंचे ओठ हलले.

त्यांनी ठरवून केलं नाही. गळ्याची घाटी हलली की दोन शब्द द्यायचे, हे हाडांत मुरलेलं. झाडू लगाती. आवाज नाही, नुसते ओठ, रेल मिलमधल्यासारखे स्वच्छ.

"झाडू लगाती हूँ," दुर्गा म्हणाली.

मॅडमनी दुर्गाच्या नजरेमागे नजर नेली आणि पडद्याच्या कडेला उभ्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. अंकुरला पहिल्यांदा समजलं. "काका?" तो म्हणाला. "ये आपने किया?"

सिंधुताई उठल्या, दुर्गाजवळ गेल्या आणि तिचं डोकं पोटाशी धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते खरंच आलं, त्यात नाटक शोधू नये. मोडक्या हिंदीत त्या बोलत राहिल्या. ही आपल्या माहेरची, हिच्या आजीने आणि आपण एका विहिरीचं पाणी भरलं, हिच्या मायने विश्वासाने पाठवली. रविवारी वेणी कोण घालतं विचारा. पोरीला ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं विचारा. दाखला येताच शाळेत टाकायची म्हणून निळं कापडही पाहून ठेवलंय. बोलता बोलता त्या थांबत, चुकत, शब्द विसरत, नाक पुसत. एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

"विचार तिले, बेटी. मी मारलं का कधी?"

मॅडमनी विचारलं. दुर्गाने मान हलवली, नाही म्हणून. तेही खरं होतं.

फाईलवाल्या माणसाने पंचफुलाला फोन लावला. भट्टीवरून पंचफुला घाईघाईने म्हणाली, हो जी, आमचे सोयरेच हायत ते, काई झालं का तिले, तिले वापस नका पाठवू. मॅडमनी बराच वेळ काही लिहिलं. दुर्गाचं नाव जवळच्या शाळेत टाका, आम्ही महिन्याने येऊन पाहू, असं त्यांनी अंकुरला बजावलं, आणि त्या बाहेर पडल्या.

जीपपाशी कवडूभाऊंनी त्यांना गाठलं. बसका गळा आणखीच बसला होता.

"मॅडम, उसने सब सच बोला."

"शायद सच ही होगा, अंकल," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "लेकिन मेरे सामने एक बच्ची है जिसे पडोसी ने पढाया, और एक माँ है जो कह रही है मत लाओ. मैं लिखूँ क्या? वो टूटा-फूटा कुछ भी बोल देती, अपनी बोली में, तो मैं समझ लेती. मेरी नानी नागपुर की है." त्या जीपमध्ये चढल्या, मग वाकून म्हणाल्या, "आगे कुछ दिखे तो फोन जरूर करना. पर आप बीच में मत रहना. बच्ची आपको देखती है."

घरी कांताबाईंनी ताट वाढलं. त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर कठड्यावरून पुरणपोळी आली नाही. वाळत घातलेले कपडे खाली अंगणात दिसू लागले. एकदा दारात सिंधुताई समोर आल्या. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "मले येऊन सांगाचं होतं. मी तुमचं ऐकलं नसतं, पन सांगाचं होतं." कवडूभाऊंनी मान खाली घातली. त्यांनी आधी सांगितलं होतं, चहा पिता पिता, बिस्कीट खाता खाता. पण ते त्या दोघांनाही सांगितल्यासारखं वाटत नव्हतं.

मग दुर्गाच दिसेनाशी झाली. गावाला पाठवली, असं गल्लीत कळलं. कवडूभाऊंनी पंचफुलाला फोन लावला. ती आली नव्हती. "तिथंच हाय न् ते?" पंचफुलानेच घाबरून विचारलं, आणि कवडूभाऊ म्हणाले, "हां हां, हाय. मी पाहून सांगतो."

बातमी कांताबाईंनी आणली, पाण्याच्या टँकरच्या रांगेतून. बायकांचं बोलणं बंद झालं नव्हतं. "वैशाली नगरले हाय. हर्षाची बहीण जया, तिले जुळे झाले. म्हणे इथं साहेबलोक घडीघडी येतीन, कटकट नको." कांताबाईंनी बादली खाली ठेवली. "दोन लेकरं आता."

कवडूभाऊ टोपी घालून निघाले. गुडघे दुखत होते, तरी ऑटोत बसून वैशाली नगरला उतरले आणि गल्ल्या तुडवल्या. जयाचं आडनाव माहीत नव्हतं, बिल्डिंग माहीत नव्हती. विचारायचं तर काय विचारायचं? लहान पोरगी कामाला ठेवलेलं घर कोणतं, असं विचारलं तर किती दारं दाखवावी लागतील, असं त्यांना चालता चालता वाटू लागलं. कारण पाहायला लागल्यावर त्या दिसू लागल्या. किराणा दुकानाच्या पायरीवर एक, गेटाशी कुत्र्याची साखळी धरून एक, पाण्याच्या पाईपाने गाडी धुणारी एक. आजवर त्या कुठे होत्या? इथेच होत्या.

दुर्गा त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सापडली. एका नव्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर, गॅलरीच्या जाळीमागे. कमरेवर दोन्हीकडे दोन लेकरं. त्यामुळे ती आता कुठल्या एका बाजूला झुकत नव्हती, सरळ उभी होती. डुलत मात्र होती.

तिने त्यांना पाहिलं. कवडूभाऊंनी हात उचलला, हाक मारायला तोंड उघडलं. त्यांचा आवाज विंगेपासून नटापर्यंत पोचणारा, तीन हातांचा. वर तीन मजले होते.

दुर्गा आत गेली. लेकरांना कुठेतरी ठेवून परत आली. जाळीशी उभी राहिली, हात खाली सोडले, डुलणं थांबवलं. आणि तिचे ओठ हलू लागले. आवाज येत नव्हता, पण कवडूभाऊंना आवाज लागत नव्हता. मेरा नाम. मेरी उम्र. म आणि र जोडलेला. मैं इनकी भांजी. मैं सुबह से शाम तक. मुझे स्कूल जाना है. कुठे चूक नाही. तिला वाटत होतं, त्या दिवशी आपलं काहीतरी चुकलं, म्हणून झालं नाही. ती पाठ करत राहिली होती.

वाक्य संपल्यावर तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे हलवले नाहीत.

कवडूभाऊ खाली उभे. एक स्कूटर हॉर्न वाजवत त्यांना वळसा घालून गेली. आतून लेकरू रडल्याचा आवाज आला, मग दुसरं रडलं, मग एका बाईने हाक मारली. दुर्गा थोडा वेळ तशीच थांबली आणि मग आत गेली.

कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी दहा अठ्ठ्याण्णव लावला. या वेळी माणसाचा आवाज होता. बिल्डिंगचं नाव, मजला, गॅलरीचा रंग, सगळं त्यांनी सांगितलं.

"बच्ची बोल पाएगी ना, अंकल? डरती तो नहीं?"

"बोलेगी," कवडूभाऊ म्हणाले. काय बोलेल ते त्यांना शब्दन्‌शब्द ठाऊक होतं. आत्ताच पाहिलं होतं. "साहब, वो रटा हुआ बोलेगी. वो मेरा रटाया हुआ है. आप उसको... आप उससे मराठी में पूछना. किसी मराठीवाले को लाना. जो मैंने सिखाया वो छोडके पूछना."

"ठीक है, लिख लिया. टीम जब जाएगी, आप वहाँ रहेंगे पहचान के लिए?"

पलीकडे त्याच बिल्डिंगच्या गॅलरीत कोणीतरी आलं होतं. दुर्गाच असावी. कपडे वाळत घालत होती, आणि ओल्या साडीची कड हळूच बाजूला सरकत होती.

"नहीं," कवडूभाऊ म्हणाले, "मैं नहीं रहूँगा."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि मागे न पाहता ऑटोस्टँडकडे चालू लागले. मागे पाहिलं असतं तर ओठ हलले असते.